मृत्युदर ११७ टक्के? फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि टक्केवारीतला छेद

तुमच्या फोनच्या बॅटरीचा आकडा कधी १०० टक्क्यांच्या वर गेलेला पाहिलाय? नाही ना. चार्जिंग १०० वर थांबतं, डाउनलोडही १०० वर थांबतं. आता हा आकडा बघा. जानेवारी १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धावर गेलेल्या ब्रिटिश सैन्याचा मृत्युदर होता वर्षाला ११७ टक्के. म्हणजे १०० सैनिकांमागे ११७ मृत्यू.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली. मग मूळ आकडे शोधले, फोनच्या कॅल्क्युलेटरवर गणित करून पाहिलं आणि उत्तर तेच आलं. आकडा बरोबर आहे. हे आकडे ज्या बाईने जमवले, तपासले आणि चित्र काढून सरकारपुढे ठेवले, तिला आपण शाळेपासून हातात दिवा घेऊन रात्री वॉर्डात फिरणारी नर्स म्हणून ओळखतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल. आज तिचीच गोष्ट सांगणार आहे, पण दिव्याची कमी आणि टक्केवारीची जास्त. गोष्ट सांगता सांगता तिने वापरलेली गणितं आपणही करून बघू.

गणितासाठी हट्ट

तिचा जन्म १२ मे १८२० चा. आईवडील युरोपच्या लांबलचक प्रवासावर होते, मुलगी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाली, म्हणून नावही तेच ठेवलं. थोरली बहीण नेपल्सला जन्मली होती, तिला त्या शहराचं जुनं ग्रीक नाव मिळालं, पार्थेनोपी. त्या मानाने फ्लॉरेन्स सुटली म्हणायची.

घर श्रीमंत. इंग्लंडमध्ये डर्बीशायरला एक बंगला, हॅम्पशायरला दुसरा. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच लॅटिन, ग्रीक, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवलं. पण फ्लॉरेन्सला हवं होतं गणित. विशीत आल्यावर तिने रीतसर शिकवणीचा हट्ट धरला, तेव्हा आईला पटेना. लग्न करून संसार करणाऱ्या मुलीला गणित कशाला, असा सरळ हिशोब. मावशी-आत्यांपैकी काहींनी बाजू घेतली आणि शेवटी शिकवणी मिळाली.

नर्स व्हायचं म्हटल्यावर तर घरात वादळच उठलं. त्या काळी इंग्लंडमध्ये नर्सचं काम म्हणजे चांगल्या घरातल्या मुलीने नाव काढू नये असं काम. मग ती पहाटे उठून, घरातले जागे व्हायच्या आत, हॉस्पिटलांचे आणि सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाचायची आणि वह्या भरायची. चालून आलेलं चांगलं स्थळही तिने नाकारलं. १८५१ मध्ये जर्मनीतल्या कायझर्सवर्थला जाऊन तीन महिने प्रशिक्षण घेतलं. १८५३ मध्ये लंडनच्या एका छोट्या इस्पितळाची प्रमुख झाली. वय तेहेतीस.

स्कुटारी

१८५४ मध्ये ब्रिटन रशियाविरुद्धच्या युद्धात उतरलं. जखमी आणि आजारी सैनिकांना काळ्या समुद्रापलीकडून जहाजाने इस्तंबूलजवळच्या स्कुटारीला आणायचे. तिथल्या हालांच्या बातम्या लंडनच्या पेपरात यायला लागल्या आणि लोक खवळले. मंत्री सिडनी हर्बर्ट तिच्या ओळखीचे होते. त्यांच्या सांगण्यावरून ती ३८ नर्सना घेऊन निघाली आणि ४ नोव्हेंबर १८५४ ला स्कुटारीला पोहोचली.

तिथली बराक म्हणजे भलीमोठी इमारत, तिचंच हॉस्पिटल केलेलं. खाली तुंबलेली गटारं, वर गच्च भरलेले वॉर्ड, हवा खेळायला जागा नाही, पुरेशी अंथरुणं नाहीत. हे सगळं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. मला जास्त धक्का दुसऱ्याच गोष्टीचा बसला. किती माणसं मेली याचाच धड हिशोब नव्हता. वेगवेगळ्या खात्यांच्या वेगवेगळ्या वह्या, आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. आपल्या भाषेत सांगायचं तर तीन टेबलं, तिन्हीत वेगळा डेटा, आणि कुठलं खरं मानायचं ते कोणालाच माहीत नाही.

मार्च १८५५ मध्ये सरकारने स्वच्छतेसाठी एक आयोग पाठवला. त्यात डॉक्टर जॉन सदरलँड आणि इंजिनिअर रॉबर्ट रॉलिन्सन होते. त्यांनी गटारं उपसली, मेलेली जनावरं हटवली, भिंतींना चुना दिला, हवेसाठी वाटा काढल्या. मृत्यू झपाट्याने कमी झाले. फ्लॉरेन्सच्या जाण्याने मृत्युदर ४२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला, हे वाक्य इंटरनेटवर हमखास सापडतं. त्यात एक तर आयोगाचं नाव गाळलेलं असतं. आणि कशाचे टक्के, किती दिवसांचे टक्के, हेही बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतं. हाच प्रश्न आपल्याला पुढे सारखा विचारायचा आहे.

एकच आकडा, तीन टक्केवाऱ्या

ऑगस्ट १८५६ मध्ये ती इंग्लंडला परतली. देशभर तिचं नाव झालं होतं, पण गाजावाजा नको म्हणून ती वेगळं नाव घेऊन आली. क्रिमियात झालेल्या तापाने तब्येत खालावलेली. पुढच्याच वर्षापासून बहुतेक काम ती बिछान्यातून किंवा कोचावरून करायला लागली. तरी तिने राणी व्हिक्टोरियाची भेट घेऊन सैन्याच्या आरोग्याची चौकशी व्हावी म्हणून जोर लावला. १८५७ मध्ये शाही आयोग नेमला गेला. बाई असल्यामुळे तिला त्यात सदस्य म्हणून जागा नव्हती, पण आयोगाचं निम्मं डोकं तीच होती असं म्हटलं तर फार चुकणार नाही. आकडेमोडीत सोबत होते विल्यम फार, जन्ममृत्यूची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयातले संख्याशास्त्रज्ञ.

दोघांनी मिळून दर महिन्याचे आकडे लावले. जानेवारी १८५५ चा हिशोब असा: सैन्य ३२,३९३. संसर्गाच्या, म्हणजे टाळता येण्यासारख्या आजारांनी मृत्यू २,७६१. जखमांनी ८३. इतर कारणांनी ३२४. एकूण मृत्यू ३,१६८.

आता फक्त त्या ८३ कडे बघा. एकूण मृत्यूंमध्ये जखमांचा वाटा किती? ८३ भागिले ३,१६८, म्हणजे २.६ टक्के. सैन्यातले किती टक्के लोक त्या महिन्यात जखमांनी मेले? ८३ भागिले ३२,३९३, म्हणजे ०.२६ टक्के. आणि वर्षभर असंच चालू राहिलं तर? त्याला १२ ने गुणा, साधारण ३.१ टक्के. वरचा आकडा तोच ८३. टक्केवाऱ्या मात्र तीन, आणि तिन्ही खऱ्या. बदलला तो छेद, आणि काळ.

शाळेत आपल्याला अंशाचीच काळजी जास्त करायला शिकवतात. किती मिळाले, किती गेले, किती वाढले. छेद गपचूप खाली बसलेला असतो. पण पहिल्या टक्केवारीनेच सगळा खेळ उलटतो: युद्धात मेलेल्या दर १०० जणांत शत्रूच्या वाराने मेलेले तीनसुद्धा नव्हते. ८७ जण आजाराने गेले होते.

मग ११७ कसे?

त्या महिन्यात एकूण ३,१६८ मृत्यू, सैन्य ३२,३९३. भागाकार केला की ९.७८ टक्के. एका महिन्यात. वर्षाचा दर काढायचा म्हणून १२ ने गुणलं की ११७.४ टक्के. तिच्या तक्त्यांत हे दरहजारी दिलेलं असतं, म्हणजे हजारामागे ११७४. दरहजारीचे टक्के करायला फक्त दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकवायचं.

पण १०० माणसांतली ११७ मरणार कशी? हा दर एक गोष्ट गृहीत धरतो: सैन्याचा आकडा कायम राहतो. शंभरातले दहा गेले की जहाजाने नवे दहा येतात, पुन्हा शंभर होतात. अशी शंभराची रांग वर्षभर भरत राहिली तर वर्षाअखेर ११७ जण मेलेले असतील. आणि नवे कोणी आलेच नाहीत तर? मग दर महिन्याला उरलेल्यांच्या ९.७८ टक्के जातील. १०० चे ९०, ९० चे ८१, ८१ चे ७३, असं बारा वेळा. कॅल्क्युलेटरवर ०.९०२२ ला स्वतःशी बारा वेळा गुणून बघा. उरतात २९. म्हणजे ७१ टक्के मृत्यू.

तर ११७ हा वेग आहे आणि ७१ हा वाटा आहे. वेग शंभराच्या वर जाऊ शकतो, वाटा कधीच जाऊ शकत नाही. शॉपिंग अ‍ॅपवर ५० टक्के सूट आणि वर आणखी २० टक्के दिसली की ७० टक्के समजणारे इथेच फसतात. दुसरी सूट उरलेल्या निम्म्यावर असते, म्हणून खरी सूट ६० टक्के.

रेघ ओढून सोडवा

हे सगळं भागाकार न करताही दिसतं. आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर सैनिक, उभ्या अक्षावर मृत्यू. जानेवारी १८५५ साठी ३२,३९३ वर ३,१६८ असा एक बिंदू. शून्यापासून त्या बिंदूपर्यंत पट्टीने सरळ रेघ. आता आडव्या अक्षावर १,००० पाशी या, वर रेघेपर्यंत जा, डावीकडे वाचा: जवळपास ९८. हाच दरहजारी दर. टक्के हवेत तर १०० पाशी वाचा: ९.८.

टक्केवारीची परीक्षेत येणारी तिन्ही गणितं या एकाच रेघेवर सुटतात. टक्के किती ते आत्ता पाहिलं. याच दराने २०,००० सैन्यात किती मृत्यू? आडवे २०,००० वर जा, वर बघा, साधारण १,९५६. उलट गणित: १,००० मृत्यू झालेत तर सैन्य किती असेल? या वेळी उभ्या अक्षावरून निघा, रेघ गाठा आणि खाली उतरा: साधारण १०,२२५.

आता त्याच कागदावर बरोबर एक वर्षानंतरचा बिंदू मांडा. जानेवारी १८५६: सैन्य ४४,२१२, सगळ्या कारणांनी मिळून मृत्यू ९२. ही रेघ आडव्या अक्षाला जवळजवळ चिकटते. १,००० पाशी फक्त २ येतात. कोणता दर मोठा हे कळायला आकडा वाचायचीही गरज नाही, जी रेघ जास्त उभी तिचे टक्के जास्त. ही रेघांची पद्धत फ्लॉरेन्सची नाही, शाळेच्या पुस्तकातली आहे. पण पुढे तिच्याच हातून जो घोटाळा झाला तो समजायला ती फार उपयोगी पडते, म्हणून लक्षात ठेवा.

कोंबड्याचा तुरा

फार साहेबांचं मत होतं की आकडेवारी कोरडीच असावी, चित्रबित्र नको. फ्लॉरेन्सला मात्र माहीत होतं की मंत्री आणि सेनापती तक्ते उघडून बघणार नाहीत. १८५८ मध्ये तिने जो ग्राफ छापला तो आजही डेटा व्हिज्युअलायझेशनच्या प्रत्येक कोर्समध्ये भेटतो. एका वर्तुळात बारा पाकळ्या, दर पाकळी एक महिना. निळा रंग टाळता येण्यासारख्या आजारांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. शेजारी दुसऱ्या वर्षाचं तसंच छोटं वर्तुळ.

याला काही जण पाय चार्ट म्हणतात, ते चूक. पाय चार्ट तिच्या जन्माआधी, १८०१ मध्ये विल्यम प्लेफेअरने छापला होता. पाय चार्टमध्ये सगळ्या तुकड्यांची त्रिज्या सारखी आणि कोन वेगळे. इथे उलटं आहे. प्रत्येक पाकळीचा कोन ३० अंश, त्रिज्या मात्र वेगवेगळी. इंग्रजीत या ग्राफला कोंबड्याच्या तुऱ्याचं नाव पडलंय.

यातली खरी मेख त्रिज्येत आहे. जानेवारी १८५५ ला आजारांचा वार्षिक दर हजारी १०२२.८ होता. जून १८५५ ला ३८,८६३ सैन्यात ८०२ मृत्यू, म्हणजे दर २४७.६. जानेवारीचा दर जूनच्या साधारण चौपट. आता जानेवारीची पाकळी जूनच्या चौपट लांब काढली तर काय होईल? क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, म्हणजे डोळ्याला सोळापट मोठी पाकळी दिसेल. म्हणून त्रिज्या वर्गमुळाने घ्यायची. चारचं वर्गमूळ दोन, पाकळी दुप्पट लांब, क्षेत्रफळ बरोबर चौपट.

तिच्या आधीच्या आकृतीत ही गडबड होती. त्यात दर महिन्याची लांबी मृत्युदराच्या प्रमाणात घेऊन टोकं जोडली होती, त्यामुळे वाईट महिने होते त्याहून अक्राळविक्राळ दिसत होते. नंतरच्या आकृतीत तिने लांबी सोडून क्षेत्रफळ धरलं. जरा विचार करा. आधीची आकृती तिच्या बाजूने जास्त ओरडत होती. तरी ती बदलली.

मला हे वाचून ओशाळायला झालं, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हीच चूक केली होती. अ‍ॅप कुठल्या शहरात किती वेळा बंद पडतंय ते नकाशावर गोल काढून दाखवायचं काम होतं. मी गोलाची त्रिज्याच तक्रारींच्या आकड्याइतकी केली. एका शहरातल्या तक्रारी दुसऱ्याच्या चौपट होत्या, गोल दिसला राक्षसासारखा. टीमने दोन दिवस त्या एका शहराच्या मागे घालवले. शिवाय मी तक्रारी मोजल्या होत्या, तिथले वापरणारे किती ते विचारलंच नव्हतं. तिथे वापरणारेही चौपट होते. टक्केवारी काढली असती तर दोन्ही शहरं सारखीच निघाली असती.

तुम्हाला हा ग्राफ फोनवर करून बघायचा असेल तर कुठल्याही स्प्रेडशीट अ‍ॅपमध्ये चार रकाने करा: महिना, सैन्य, मृत्यू, आणि चौथ्यात मृत्यू भागिले सैन्य गुणिले १२,०००. पाचव्या रकान्यात चौथ्याचं वर्गमूळ. पाकळी काढायची ती पाचव्यावरून, लेबल लावायचं ते चौथ्याचं.

एक मात्र मनात ठेवा. दुसरं वर्तुळ लहान झालं ते फक्त गटारं साफ केल्यामुळे, असं हा ग्राफ सिद्ध करत नाही. हिवाळा संपला होता, कपडे आणि अन्न पोहोचायला लागलं होतं. ग्राफ फक्त आधी आणि नंतर दाखवतो. कारण ठरवायला आणखी पुरावा लागतो.

दुप्पट, की फक्त ०.८६?

युद्धात माणसं मरायचीच, असं म्हणणाऱ्यांसाठी तिच्याकडे दुसरा ग्राफ होता, आणि माझ्या मते तोच जास्त धारदार आहे. युद्ध नाही, शांततेचा काळ, सैनिक इंग्लंडमध्येच आपापल्या बराकीत. त्यांची तुलना तिने त्याच वयाच्या साध्या इंग्रज पुरुषांशी केली. नुसत्या आडव्या पट्ट्या, साधे लोक काळ्या रंगात, सैनिक लाल रंगात. वय २० ते २५: साधे लोक हजारी ८.४, सैनिक १७. वय २५ ते ३०: ९.२ आणि १८.३. ३० ते ३५: १०.२ आणि १८.४. ३५ ते ४०: ११.६ आणि १९.३. प्रत्येक जोडीत लाल पट्टी लांब.

पहिली जोडी टक्क्यांत लिहा: ०.८४ टक्के आणि १.७ टक्के. सरकारी बाजू म्हणू शकते की फरक ०.८६ चा, एक टक्कासुद्धा नाही. दुसरी बाजू म्हणेल की मृत्यू १०२ टक्क्यांनी जास्त, दुपटीहून वर. दोन्ही गणितं बरोबर. पहिली वजाबाकी आहे, तिचं उत्तर पर्सेंटेज पॉइंटमध्ये येतं. दुसऱ्यात तोच फरक मूळ ०.८४ ने भागलाय. बँकेचा व्याजदर ८ वरून ९ झाला तर एक पॉइंट वाढला, पण व्याज साडेबारा टक्क्यांनी वाढलं. बातमीत कोणतं छापायचं ते छापणारा ठरवतो.

आणि लक्षात घ्या, सैनिक भरतीच्या वेळी तपासून, धडधाकट बघून घेतलेले. त्यांचा दर खरं तर साध्या लोकांहून कमी हवा होता. मारत होती ती कोंदट, गर्दीची बराक. यानंतर बराकींची सुधारणा सुरू झाली, सैन्यासाठी आकडेवारीचं स्वतंत्र खातं आणि वैद्यकीय शाळा आली. याच सुमारास ब्रिटनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने तिला सदस्य करून घेतलं, पहिली स्त्री सदस्य. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये तिची नर्सिंगची शाळा सुरू झाली, ती तर सगळ्यांनाच माहीत आहे.

९०.८४

आता तो घोटाळा. १८६३ मध्ये तिच्या हॉस्पिटलांवरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली. त्यात फारच्या आकड्यांचा एक तक्ता होता. लंडनच्या २४ हॉस्पिटलांचा १८६१ सालचा मृत्युदर: ९०.८४ टक्के. मोठ्या शहरांतल्या १२ हॉस्पिटलांचा ८३.१६. जिल्ह्याच्या २५ हॉस्पिटलांचा ३९.४१. वाचणाऱ्याला वाटणार की लंडनमध्ये दहा पेशंट आत गेले तर एक बाहेर येतो.

गणित तपासा. लंडनचे मृत्यू ३,८२८. छेद ४,२१४. भागाकार केला तर ९०.८४, बिनचूक. पण हे ४,२१४ कोण? ते ८ एप्रिल १८६१ या एका दिवशी हॉस्पिटलात असलेले पेशंट. वर मृत्यू अख्ख्या वर्षाचे, खाली माणसं एका दिवसाची!

समजा एका खाटेवर वर्षभरात दहा पेशंट येऊन गेले. मग वर्षातले पेशंट झाले ४२,१४०, आणि ३,८२८ भागिले ४२,१४० म्हणजे ९.१ टक्के. आपल्या आलेखाच्या कागदावर बघा: बिंदूची उंची तीच, ३,८२८. तो फक्त उजवीकडे सरकला आणि रेघ धाडकन खाली पडली. शिवाय पेशंट जितके लवकर बरे होऊन घरी जातील आणि खाट दुसऱ्याला मिळेल, तितका तिचा दर वाईट दिसणार. चांगलं काम करणाऱ्या हॉस्पिटललाच शिक्षा. मोठ्या शहरांत अपघाताचे आणि गंभीर पेशंट जास्त येतात, हेही त्यात नव्हतं.

डॉक्टर मंडळी तुटून पडली. छेदात वर्षभरात उपचार घेतलेले सगळे पेशंट हवेत, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं. फारची बाजू अगदीच निराधार नव्हती. खाटेमागे वर्षाला किती मृत्यू, हाही एक दर आहे, क्रिमियातल्या ११७ सारखाच वेग. पण सैन्यात माणसं बहुतेक तीच राहतात, हॉस्पिटलात ती सतत बदलतात. तेच सूत्र एका जागी डोळे उघडतं आणि दुसऱ्या जागी डोळ्यांत धूळ टाकतं.

मला यातली सर्वांत बोचरी गोष्ट वेगळी वाटते. तीन वर्षं आधी, १८६० मध्ये, लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे तिने सगळ्या हॉस्पिटलांसाठी एकसारखा फॉर्म मांडला होता. वर्षाच्या सुरुवातीला किती पेशंट, वर्षात नवे किती, बरे किती, मेले किती, शेवटी उरले किती, सरासरी किती दिवस राहिले. योग्य छेद काढायला लागतो तो सगळा डेटा त्या फॉर्ममध्ये आहे. हॉस्पिटलांनी तो एकसारखा भरलाच नाही. हाताशी एका दिवसाची मोजणी होती, तीच वापरली गेली. १८६१ च्या जनगणनेत आजारी किती आणि घरं कशी हे प्रश्न घाला, अशीही तिची मागणी होती. तीही फेटाळली गेली.

हिंदुस्थानातले ६९

आपल्याकडचा धागाही इथूनच निघतो. १८५९ मध्ये हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सैन्याच्या आरोग्यासाठी शाही आयोग बसला. फ्लॉरेन्सने प्रश्नावली तयार केली, ती इथल्या छावण्यांना गेली, आणि उत्तरांचे ढीग लंडनला तिच्या घरी पोहोचले. पाणी कुठून येतं, मैला कुठे जातो, बराकीत माणशी जागा किती. १८६३ च्या अहवालातला आकडा: इथल्या ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर वर्षाला हजारी ६९. म्हणजे ६.९ टक्के, आणि हा काही युद्धाचा एक महिना नव्हे, वर्षानुवर्षांची सरासरी. दहा वर्षांनी तिने पुन्हा हिशोब मांडला तेव्हा तो १८ वर आला होता. सोडवा बघू: घट किती पॉइंट आणि किती टक्के? ५.१ पॉइंट, आणि ५१ भागिले ६९ म्हणजे जवळपास ७४ टक्के.

पण तो छेद फक्त गोऱ्या सैनिकांचा होता. बराकीच्या भिंतीबाहेरची कोट्यवधी माणसं त्यात नव्हती, हे तिच्या हळूहळू लक्षात आलं आणि पुढची बरीच वर्षं ती दुष्काळ, कालवे, खेड्यातली स्वच्छता यांवर लिहीत राहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. बेहरामजी मलबारींच्या चरित्राला तिने प्रस्तावना लिहिली. हिंदुस्थानात मात्र ती कधीच आली नाही, सगळं काम कागदावरून.

१९०७ मध्ये तिला ऑर्डर ऑफ मेरिट मिळाला, तोही पहिल्यांदाच एका स्त्रीला. तोवर दृष्टी गेली होती. १३ ऑगस्ट १९१० ला लंडनमध्ये ती वारली, वय ९०. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करायची तयारी होती, घरच्यांनी नको म्हटलं. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात तिला पुरलं. दगडावर पूर्ण नावही नाही, नुसती दोन आद्याक्षरं आणि जन्म-मृत्यूच्या तारखा.